बूट फाटला नाही, पण संपलाय

जिंतूर तालुक्यातल्या एका मुलाचा प्रश्न आहे. वय २१, वजन ७२ किलो, पोलीस भरतीची तयारी. रोज सकाळी सहा-सात किलोमीटर पळतो, आठवड्यातून दोनदा १०० मीटरच्या फेऱ्या मारतो, तीन दिवस जिमला जातो आणि संध्याकाळी गावात व्हॉलीबॉल खेळतो. हे सगळं एकाच बुटावर, आणि तो बूट दीड वर्षाचा. तो लिहितो: "तीन आठवड्यांपासून नडगी दुखायलीय सर. पण बूट कुठंच फाटलेला नाही, मग बदलायचा कशाला? आणि बदलायचाच म्हणलं तर सगळ्याला चालेल असा एकच कोणता घेऊ? चार हजार जमवलेत. जुना वाया जाणार नाही, आईला शुगर निघालीय, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, तिला देईन."

आधी शेवटच्या वाक्याबद्दल. तो बूट आईला देऊ नकोस. कारण पुढं सांगतो, पण आज संध्याकाळी ती तो घालून निघणार असेल तर आत्ताच थांबव.

आता तुझ्या पायाकडं येऊ. मी परभणीत सव्वीस वर्षं पोरांना पळायला शिकवलं. "फाटला नाही म्हणजे चालतोय" हा हिशोब त्यातल्या बहुतेकांचा होता, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. आपल्या घरात चपलेचा अंगठा तुटला तर शिवून आणतात, टाच झिजली तर ठोकून आणतात, आणि शिवायलाही जागा उरली नाही की मग नवी. चामड्याच्या चपलेला हा हिशोब बरोबर आहे. पळायच्या बुटाला तो लागू पडत नाही, कारण पळायचा बूट वरून संपत नाही आणि खालूनही संपत नाही. तो मधून संपतो.

बुटाचे तीन थर असतात. वरचं कापड किंवा जाळी, खाली जमिनीला लागणारं रबर, आणि या दोन्हींच्या मध्ये जाड, हलका, बहुतेक वेळा पांढरा दिसणारा थर. त्याला मिडसोल म्हणतात. तो साधारणपणे ईव्हीए नावाच्या फोमचा असतो आणि त्यात हवेचे बारीक बारीक बंद कप्पे असतात. पाय पडला की कप्पे दबतात, पाय उचलला की फुगतात. गादीतला कापूस आठव. नवी गादी कशी फुगलेली असते, आणि चार-पाच वर्षांत नेमकी पाठीखालची जागा कशी बसते. खोळ धड असते, शिवण धड असते, पण झोपल्यावर खालची फरशी लागते. फरक एवढाच की गादी पिंजून घेता येते. बसलेला फोम पिंजता येत नाही.

आणि तो बसतो कशानं? पळताना प्रत्येक पावलाला जमिनीवर वजनाच्या दुप्पट-तिप्पट जोर पडतो. तुझ्या ७२ किलोला म्हणजे दीडशे-दोनशे किलो. १६०० मीटरमध्ये हजाराच्या आसपास पावलं पडतात, एका पायावर पाचशे. भरलेली दोन पोती एका टाचेवर पाचशे वेळा टाकल्यासारखं समज. यातला काही जोर फोम झेलतो, बाकीचा पोटरी, नडगी, गुडघा वाटून घेतात. फोमनं झेलणं सोडलं की वाटेकऱ्यांच्या वाट्याला जास्त येतं.

साध्या पळायच्या बुटाचं आयुष्य ५०० ते ८०० किलोमीटर धरतात. वजन जास्त असेल, रोज डांबरावर पळत असशील, तर खालचा आकडा धर. आता तुझा हिशोब कर. रोज साडेसहा किलोमीटर, आठवड्याला सहा दिवस, म्हणजे ३९. दीड वर्षाचे ७८ आठवडे. तीन हजार किलोमीटर होतात. पाऊस, सोयाबीनची काढणी, लग्नसराई, ताप-खोकला, सगळे खाडे धरून निम्मे दिवस वजा केले तरी दीड हजार. व्हॉलीबॉलच्या उड्या तर मी धरल्याच नाहीत. तुझा बूट गेल्या वर्षीच संपलाय. तू त्याचं फक्त कापड पायात घालून पळतोस.

विश्वास बसत नसेल तर घरीच तपास. दोन्ही बूट टेबलावर किंवा ओट्यावर ठेव आणि मागून, टाचेच्या बाजूनं, डोळा त्याच उंचीवर आणून बघ. बूट आत किंवा बाहेर झुकलेला दिसला तर फोम एका बाजूनं बसलाय. मग मिडसोलची बाजू बघ. तिथं आडव्या सुरकुत्या पडल्या असतील, आणि अंगठ्यानं दाबल्यावर त्या दबत नसतील, कडक लागत असतील, तर तो मेलेला फोम आहे. आत हात घालून टाचेची वाटी चाचप. कापड फाटून आतलं प्लास्टिक लागतंय का? तळाचं रबर झिजून कुठं पांढरा फोम उघडा पडलाय का? हे सगळं धड दिसलं तरी एक परीक्षा उरते, आणि मी तीच सगळ्यात जास्त मानतो. दुकानात जा, त्याच मापाचा नवा बूट एका पायात घाल, जुना दुसऱ्या पायात, आणि दुकानासमोर वीस पावलं पळ. पोरं दहाव्या पावलाला थांबतात आणि माझ्याकडं बघून हसतात.

इथं एक गोष्ट सांगून ठेवतो, नाहीतर बूट घेऊनही दुखणं राहिलं की मला बोल लावशील. नडगी फक्त बुटानं दुखत नाही. भरतीची जाहिरात आली की पोरं एका आठवड्यात तीन किलोमीटरवरून आठवर जातात. हाड आणि त्याला धरून असलेले स्नायू एवढ्या बिगीबिगी तयार होत नाहीत. नडगीच्या आतल्या कडेनं चार-सहा बोटं लांब अशी दुखरी पट्टी असेल, पळायला लागल्यावर दुखत असेल आणि गरम झाल्यावर कमी होत असेल, तर अंतर निम्मं कर, दोन आठवडे डांबर सोड, बूट बदल. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. पण एकाच जागेवर, बोटाच्या टोकाएवढ्या ठिकाणी, दाबल्यावर जीव जातोय, रात्री पडल्यावरही ठणकतंय, एका पायावर उडी मारता येत नाही, असं असेल तर पळणं त्याच दिवशी बंद कर आणि हाडाच्या डॉक्टरला दाखव. हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. ती सुरुवातीच्या दिवसांत एक्स-रेत दिसत नाही, म्हणून "फोटो नॉर्मल आला" म्हणून परत पळायला लागू नकोस. तो धोका बूट झाकणार नाही.

आपल्याकडं बूट लवकर मरायला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे ऊन. मे महिन्यात परभणीत पारा ४३-४४ ला टेकतो आणि आपण बूट ठेवतो पत्र्याच्या खोलीत किंवा धुऊन थेट पत्र्यावर. उन्हानं फोम कडक होतो आणि तळाचा डिंक सुटतो. आमच्या क्रीडा साहित्याच्या खोलीलाही पत्राच होता. एका उन्हाळ्यात तिथं ठेवलेल्या सात-आठ जोडांचे तळ जूनमध्ये भाकरीच्या पापुद्र्यासारखे उचलून हातात आले. तेव्हापासून मी बूट माठाच्या खोलीत ठेवायला सांगतो. धुवायचे तर नाडी आणि आतली गादी काढून, साध्या पाण्यात थोडा साबण, जुना दात घासायचा ब्रश, आणि आत कागद कोंबून सावलीत. चुलीजवळ नाही, वॉशिंग मशीनमध्ये तर मुळीच नाही. टँकरच्या गावात बूट धुवायला पाणी कुठलं, असं म्हणशील. मग माती वाळू दे आणि कोरडाच झटक, काही बिघडत नाही. नाडी मात्र सोडून पाय काढ. टाचेवर टाच ठेवून बूट ओढून काढायची सवय टाचेची वाटी महिन्याभरात मोडते.

आता तुझा दुसरा प्रश्न, सगळ्याला चालेल असा एकच. असा बूट नाही. का नाही, ते एकदा डोक्यात बसलं की कुठल्याही दुकानदारानं कितीही गोड बोललं तरी तू फसणार नाहीस.

बूट निवडताना दोनच गोष्टी विचारायच्या. अंग कुठल्या दिशेला जातंय, आणि पायाखाली काय आहे.

पळताना अंग सरळ पुढं जातं. म्हणून पळायच्या बुटाला मऊ, उंच टाच असते, पुढचा भाग वाकतो, आणि बाजूनं तो जवळजवळ मोकळा असतो, कारण बाजूला जायचंच नसतं. हाच बूट घालून तू व्हॉलीबॉलला ब्लॉकवर उडी मारतोस आणि तिरपा उतरतोस. उंच मऊ टाच एका बाजूनं दबते, पाय बाहेरच्या अंगाला मुडपतो आणि घोटा सुजतो. मी पाहिलेले निम्मे मुरगळलेले घोटे पळताना नाही, पळायचा बूट घालून व्हॉलीबॉल किंवा बॅडमिंटन खेळताना मुरगळलेत. कोर्टवरच्या बुटाचा तळ सपाट, रुंद आणि जमिनीलगत असतो, बाजूंना कडक पट्टी असते. लाकडी किंवा सिंथेटिक कोर्टवर गम रबरचा, डाग न पाडणारा तळ हवा. तुझ्या गावातलं व्हॉलीबॉल मातीवर आहे, तिथं हा महागाचा गम रबर घेतलास तर पंधरा दिवसांत खरवडून जाईल. मातीसाठी सपाट, कडक तळाचा साधा कॅनव्हास बूटसुद्धा पळायच्या बुटापेक्षा सुरक्षित.

तोच कॅनव्हास बूट जिमलाही चालतो, म्हणजे तुझे दोन प्रश्न एकाच जोडात सुटले. खांद्यावर बार घेऊन बैठका मारताना पायाखाली गादी नको, फरशी हवी. मऊ फोमवर उभं राहून ८० किलो उचलणं म्हणजे खाटेवर उभं राहून पाण्याची घागर डोक्यावर घेण्यासारखं आहे. पाय हलतो, गुडघा आत जातो, कंबर भरते. वजन उचलणारे खेळाडू लाकडासारख्या कडक, उंच टाचेचे खास बूट घालतात, ते तुला लागत नाहीत. पातळ, सपाट, कडक तळ एवढंच बघ.

गोळाफेकीला वेगळा बूट घेऊ नकोस. भरतीत १५ गुण आहेत आणि गोळा ७.२६० किलोचा आहे. तिथं मार्क जातात ते तंत्रात.

कुस्तीचं तेवढं बाजूला ठेवतो, तुझा विषय नाही. पण हेच तत्त्व बघायचं असेल तर पाटोद्याचा राहुल आवारे आठव, २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण जिंकलेला. आपले मल्ल लाल मातीत अनवाणी लढतात आणि मॅटवर घोट्याच्या वरपर्यंत येणारा पातळ तळाचा बूट घालतात. मल्ल तोच, डाव तेच, पायाखालचं बदललं की पायातलंही बदललं.

पायाखाली काय, हे आपल्या भागात फार महत्त्वाचं. मुरमाच्या रस्त्यावर खडे, बांधाच्या वाटेवर बाभळीचे काटे, आणि पावसाळा संपला की जिकडं तिकडं सराटे. हल्लीच्या हलक्या बुटांना तळाला रबर फक्त टाचेला आणि चवड्याला चिकटवलेलं असतं, मधे उघडा फोम. सराटा त्यात सुईसारखा घुसतो, आणि काढला तरी टोक आत राहतं. गावाकडं पळणाऱ्यानं तळाला पूर्ण रबर असलेला बूट घ्यावा, पन्नास ग्रॅम जड असला तरी चालेल. काळ्या मातीत पावसाळ्यात पळूच नये असं माझं मत आहे. खोल खाचांचा तळ घेतला तर दर पावलाला चिखल चढत जातो आणि शेवटी दोन्ही पायांत दोन-दोन किलो माती घेऊन पोरगं बैलासारखं घरी येतं. त्या दोन महिन्यांत डांबरी रस्ता किंवा शाळेचं मुरमाचं मैदान बरं.

१६०० मीटरला २० गुण, १०० मीटरला १५, हे तुला पाठ असेल. पूर्ण २० साठी ५ मिनिटं १० सेकंद. मग पोरं विचारतात, स्पाइक, म्हणजे तळाला खिळे असलेले बूट, घेऊ का? आधी प्रवेशपत्रावरच्या आणि जाहिरातीतल्या सूचना वाच, त्यात बुटाबद्दल जे असेल तेच खरं. चालत असले तरी माझा सल्ला नाही असाच आहे. स्पाइक हे सिंथेटिक ट्रॅकसाठी. भरतीचं मैदान कुठं मुख्यालयाची माती असते, कुठं डांबरी रस्ता. शिवाय स्पाइकला टाच जवळजवळ नसते. सवय नसलेल्या पोटऱ्या दुसऱ्या दिवशी दगड होतात. सरावाच्या बुटाहून थोडा हलका, साधा बूट पुरेसा. कार्बनची पट्टी घातलेल्या वीस हजारांच्या बुटांचे व्हिडिओ बघत बसू नकोस. तुझे दहा सेकंद फेऱ्यांच्या सरावात आहेत.

"अविनाश साबळे तर गावातून पळत शाळेला जायचा सर, त्याला कुठं बूट होते?" हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा पोरगा २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ११.२० सेकंदांत पळून रौप्य घेऊन आला, आपल्या सगळ्यांची छाती फुगली. पण त्या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात, आणि त्या तो स्पाइक घालूनच मारतो. इथिओपियाच्या बिकिलाचंही तसंच. १९६० ला रोम ऑलिम्पिकची मॅरेथॉन त्यानं अनवाणी जिंकली हे सगळे सांगतात. १९६४ ला टोकियोत तीच शर्यत तो बूट घालून पुन्हा जिंकला हे कोणी सांगत नाही. लहानपणापासून अनवाणी चाललेला पाय मजबूत असतो, यात वाद नाही. मीही पोरांना हिरवळीवर दहा मिनिटं अनवाणी पळवतो. पण डांबरावर, काचेत, सराट्यात सहा किलोमीटर अनवाणी पळण्याशी त्या मजबुतीचा संबंध नाही.

दुकानातलं आता सांगतो. संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडा फुगतो, पळतानाही फुगतो. सकाळी बरोबर बसलेला बूट पाचव्या किलोमीटरला चावतो. पळताना घालतोस तेच मोजे घालून जा. दोन्ही पाय मोज, बहुतेकांचा एक पाय मोठा असतो, माप त्याचं घ्यायचं. उभं राहून सगळ्यात लांब बोटापुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, आणि ते बोट अंगठाच असेल असं नाही, काहींचं त्याच्या शेजारचं लांब असतं. नख काळं पडतं ते इथं चुकल्यानं. टाच मात्र उचलली जाता कामा नये. आकड्यांच्या नादी लागू नको, एका कंपनीचा आठ दुसरीचा साडेआठ असतो, आणि ब्रिटिश मापाचा आठ अमेरिकेच्या मापात नऊ लिहितात. जिभेच्या आतल्या बाजूला सेंटीमीटरमध्ये माप छापलेलं असतं, ते टिपून ठेव.

आपले पाय पुढून पसरट. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं देशभर पायांची मापं घेतली, त्यातही भारतीय पाय युरोपातल्या पायांपेक्षा रुंद असल्याचंच निघालं. म्हणून करंगळी दाबली गेली की पोरं एक नंबर मोठा बूट घेतात, मग टाच सुटते. लांबी नको वाढवू, रुंद जातीचा जोड माग. काही कंपन्या तो बनवतात, खोक्यावर रुंदीचं अक्षर असतं. नसलाच मिळत तर नाडी पुढच्या दोन भोकांतून ओवू नकोस, पुढचा भाग मोकळा होतो.

मोठ्या शहरातल्या दुकानात तुला यंत्रावर उभं करून "तुमचा पाय सपाट आहे, हा खास आधाराचा बूट घ्या" असं सांगतील. अमेरिकेत लष्कर, हवाई दल आणि मरीन या तिन्ही ठिकाणी नव्या भरतीच्या पोरांवर हे तपासून पाहिलंय. अर्ध्यांना तळव्याच्या आकाराप्रमाणं वेगवेगळे बूट दिले, अर्ध्यांना सरसकट एकाच तऱ्हेचा. दुखापतींत काही म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे तुझ्यासारख्याच पोरांवर झालेला प्रयोग आहे हा. तेव्हा यंत्रापेक्षा पायाला विचार: घातल्याक्षणी बरा वाटला का? "घालून घालून सैल होईल" असं दुकानदार म्हणला तर तो बूट परत ठेव.

फर्स्ट कॉपीबद्दल एकच सांगतो. वरून नक्कल हुबेहूब असते, नक्कल होत नाही ती मधल्या थराची. दीड हजाराच्या नकली नावापेक्षा हजाराचा साध्या देशी नावाचा खरा बूट केव्हाही चांगला. आणि सवलतीत मिळालेला चार-पाच वर्षं गोदामात पडलेला जोडही नको. काही तळ पॉलियुरेथेन नावाच्या फोमचे असतात, ते दमट हवेत नुसते पडून राहिले तरी आतून कुजतात आणि पहिल्याच पळण्यात भुगा होतो. खोक्यावर बनवल्याचा महिना छापलेला असतो, बघत जा.

नवा बूट आणला की लगेच त्याच्यावर स्वार होऊ नकोस. पहिला आठवडा दोन-तीन किलोमीटर, मग वाढव. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका जिल्हा स्पर्धेच्या आदल्या दिवशी मोठ्या कौतुकानं मी एका पोराला नवे स्पाइक दिले. चांगलं पळायचं ते लेकरू. तिसऱ्या फेरीला टाचेची सालटी निघाली, शेवटची फेरी त्यानं रक्तानं भिजलेल्या मोज्यावर काढली आणि चौथा आला. तो मला कधी काही बोलला नाही, त्याचंच जास्त लागतं. भरतीच्या दिवशी पायात तोच बूट हवा जो आधी किमान तीन आठवडे पळालाय.

जमलं तर पुढं-मागं पळायचे दोन जोड ठेव आणि आलटून-पालटून घाल. लक्झेंबर्गमध्ये २६४ पळणाऱ्यांवर २२ आठवडे लक्ष ठेवलं होतं. एकाहून जास्त जोड वापरणाऱ्यांना दुखापतीचा धोका ३९ टक्क्यांनी कमी निघाला. दोन वेगळ्या बुटांत पायावर रोज एकाच जागी ताण येत नाही, हे त्याचं एक कारण सांगतात. शिवाय घाम वाळायला एक दिवस मिळतो, वास येत नाही. पैसे दुप्पट लागत नाहीत, दोन्ही जोड दुप्पट दिवस टिकतात. पण हे नोकरी लागल्यावर.

आता आई.

शुगर बरीच वर्षं असली, आणि कित्येकदा ती निघायच्या आधीच बरीच वर्षं असते, तर पायांच्या नसा बधिर होत जातात. तुला खडा टोचला तर तू बूट काढून झटकशील. तिला तो कळणारच नाही. तोच खडा घेऊन ती तीन किलोमीटर चालेल, संध्याकाळी मोजा काढल्यावर रक्त दिसेल, आणि ती म्हणेल, "काही नाही रे, जरासं खरचटलंय." शुगरमध्ये ती जखम लवकर भरत नाही. बोटं कापावी लागलेली माणसं तू सरकारी दवाखान्यात पाहिली असशील, त्यातल्या कित्येकांची सुरुवात एका फोडानं झालेली असते. आता तुझ्या जुन्या बुटात तिचा पाय कल्पून बघ. माप मोठं, म्हणजे पाय आत घसरणार आणि घासणार. फोम तुझ्या पायाच्या साच्यात बसलेला, तुझी टाच बाहेरून झिजत असेल, तर तिचाही पाय तो बाहेर ढकलणार. आत कापड फाटलेलं असेल तर तेही टोचणार. घरात सगळ्यात जास्त जपायचा पाय तिचा आहे, आणि आपल्या घरांत रीत अशी की सगळ्यांचं वापरून झालेलं तिच्या वाट्याला.

तिला वेगळा "वॉकिंग शू" हवाच असं नाही. पळायचा साधा, मऊ बूट चालायला उत्तम. पुढं उंच आणि रुंद जागा, आत हात फिरवल्यावर कुठं शिवण टोचू नये, नाडी किंवा चिकटपट्टी, म्हणजे सूज आली तर सैल करता येईल. साडीवर बूट घालायला ती लाजेल, कॉलनीतल्या बाया हसतील म्हणेल. परभणीला कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर पहाटे जाऊन बघ, नऊवारीवर बूट घालून झपाझप चालणाऱ्या आज्या दिसतील. तरीही नाहीच म्हणाली तर मागून पट्टा असलेली एमसीआरची चप्पल घे, बारीक कप्प्यांच्या मऊ रबराची, शुगरच्या दवाखान्यांजवळ आणि औषधाच्या मोठ्या दुकानांत मिळते. अंगठ्याची स्लीपर नको, ती पायातून निसटते आणि बधिर पायाला निसटलेलं कळत नाही.

मोजे पांढरे सुती घे, सैल काठाचे. पांढरे अशासाठी की रक्ताचा ठिपका लगेच दिसावा. घालण्याआधी दर वेळी बूट उलटा करून झटकायचा आणि आत हात फिरवायचा. खडा, काटा, दुमडलेली गादी. आणि आपल्याकडं विंचू. हे तुलाही सांगतोय, बाहेर पडवीत ठेवलेला बूट न झटकता घालायचा नाही. रात्री तिचे तळवे तू बघ. तिला वाकून दिसत नाही आणि दिसलं तरी ती सांगणार नाही. पुढच्या वेळी दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांना पायांच्या नसा तपासायला सांग. नसा बधिर झाल्या आहेत असं ते म्हणाले तर बूटही त्यांनी सांगितलेलाच घ्यायचा, माझं ऐकायचं नाही.

चार हजार असे वाट. पंधराशे आईच्या जोडाला आणि मोज्यांना, आणि ते आधी खर्च कर. दोन हजारांच्या आसपास तुझा पळायचा बूट, पूर्ण रबराच्या तळाचा. उरलेल्या चार-पाचशेत जिम आणि व्हॉलीबॉलसाठी कॅनव्हास. तुझा जुना बूट शेतात पाणी द्यायला, दारं धरायला ठेव, तिथं त्याला फोम लागत नाही. नव्याच्या आतल्या गादीखाली बॉलपेननं आजची तारीख लिही आणि कालनिर्णयावर रोजचे किलोमीटर टाकत जा. बेरीज पाचशेच्या पुढं गेली की ओट्यावर ठेवून मागून बघायला लाग.

आईला दुकानात यायला जमणार नसेल तर संध्याकाळी तिला जाड कागदावर उभी कर, बसवून नाही, दोन्ही पायांभोवती पेन्सिल उभी धरून रेघ मार आणि तो कागद कापून बरोबर ने. बुटातली गादी काढून त्या कागदावर ठेवली की कळतंच. कागद कुठूनही बाहेर डोकावला तर दुसरा जोड माग.